भिंतीला हात लावणारा पेंटर

'प्लास्टरचं क्युरिंग' या प्रश्नाला मी परीक्षेत भरपूर मार्क घेतले होते. पण लातूरच्या आमच्या घराला रंग द्यायची वेळ आली तेव्हा मी इथं नांदेडला होस्टेलवर होतो आणि फोनवर बाबांना बिनधास्त सांगितलं, "ज्याचा रेट कमी, त्याला द्या."

ताईचं लग्न दोन महिन्यांवर होतं. दोन पेंटर येऊन गेले. पहिल्याने दारातूनच खोल्या बघितल्या, शेडकार्ड पुढे केलं आणि गुत्त्याने आकडा सांगितला. दुसरे वयस्कर चाचा. ते बाथरूमच्या मागच्या भिंतीपाशी थांबले, तळहात फिरवला, पांढरी भुकटी दाखवली, चावीने टकटक केलं. म्हणाले, "सर, लोणा लागलाय. आधी पाणी कुठून येतंय ते बघा, भिंत वाळू द्या. रंगाचं मग बोलू." त्यांचा आकडा जास्त, वर महिनाभर थांबायचं! बाबांनी पहिल्याला उचल दिली. लग्नात घर झकास दिसलं. पहिल्याच पावसाळ्यात त्या भिंतीचा रंग पापडासारखा फुगला आणि गळाला. लग्नाच्या कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

असं का झालं? आमच्या घराचं प्लास्टर 2016 च्या उन्हाळ्यातलं. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारायचं असतं, बाबा म्हणायचे, "माणसाला प्यायला नाही, भिंतीला कुठून पाजू?" जे थोडं मारलं ते टँकरचं, खारट. असं प्लास्टर भुसभुशीत राहतं. त्यात ओल शिरली की क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक रंगामागे साठत जातात आणि पापुद्रा बाहेर ढकलतात. वर कितीही भारी रंग लावा, तो निघणारच. म्हणजे दोष रंगाच्या डब्यात नव्हता!

तेव्हा पेंटर घरी आला की तो काय बोलतो यापेक्षा त्याचे हात कुठे जातात ते बघा. शंका असेल तर स्वतः एक प्रयोग करा : फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. मग शेडकार्ड मिटून ठेवलेलं बरं.

मोजमाप आपण करायचं. (इंजिनिअर म्हणवतो ना!) 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली : चार भिंती मिळून 440 चौरस फूट. 3 बाय 7 चं दार आणि 4 बाय 4 ची खिडकी वजा केली की उरले 403. दार-खिडकी वजा धरणार का, घासकाम, पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात त्या दरात आहेत का, हे कागदावर लिहून घ्या. 'दोन हात'चा दीड हात व्हायला वेळ लागत नाही.

माल कुणी आणायचा, यावर घरोघरी वाद. पुष्कळ रंगांच्या डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, त्यामुळे तो एखाद्याच कंपनीचा आग्रह का धरतो हे विचारायला हरकत नाही. टोकन त्यालाच द्या, पण सीलबंद डबा तुमच्यासमोर फुटू द्या आणि पाणी किती घालायचं ते डब्यावर वाचा. घरच्या रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. लहान मुलं असतील तर तेही डब्यावर बघा.

यंदा बाबांनी चाचांनाच परत बोलावलं. त्यांनी भिंतीला हात लावला, हसले आणि प्लंबरला बोलवा म्हणाले. बाथरूमची फरशी काढली तर आतला पाइप खरंच गळत होता. सध्या भिंत उघडी पडलीय, वाळतेय. चाचा दर रविवारी येतात, हात लावून बघतात आणि चहा पिऊन जातात.