विवाह मोडला, हमीचे काय?

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराकडे लोक दोन कामांसाठी येतात. एक, लग्नपत्रिकेतील शुद्धलेखन तपासून घेण्यासाठी. आणि दुसरे, जी गोष्ट घरात बोलता येत नाही ती बोलण्यासाठी. गेल्या आषाढात एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन पत्रे आली, ती या दुसऱ्या प्रकारची होती. त्यांपैकी एका पत्राच्या लेखकाची लग्नपत्रिका दोन वर्षांपूर्वी आम्हीच तपासून दिली होती. त्यामुळे ते पत्र वाचताना आम्हांस अधिकच वाईट वाटले.

हा आमचा जुना विद्यार्थी. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात राहतो व तेथील नागरिक झाला आहे. विवाह पुण्यात झाला. विवाहानंतर त्याने पत्नीस तिकडे नेण्यासाठी तेथील सरकारकडे अर्ज केला, तो मंजूरही झाला; मुंबईच्या वकिलातीतील मुलाखत तेवढी व्हावयाची होती. मुलगी शाळेतील नोकरी सोडून सासरी, म्हणजे त्याच्या आईवडिलांजवळ, वाट पाहत राहिली होती. दोन वर्षांत पतिपत्नींचा सहवास जेमतेम सत्तर दिवसांचा. दूरध्वनीवर भांडणे वाढली, मने विटली, आणि अखेर मुलगी माहेरी निघून गेली. विद्यार्थी विचारतो, “सर, अर्ज मागे घ्यावा असे मनात आहे. घेता येईल का? आणि तिला न सांगता घेतला तर चालेल का?”

दुसरे पत्र वाईकडील आमच्या एका स्नेह्यांचे. त्यांची कन्या टेक्सास प्रांतात पतीजवळ नांदते. पती तेथील नागरिक आहे. घरात कुरबूर झाली की तो म्हणतो, “एक पत्र टाकले की तुझे ग्रीन कार्ड रद्द, मग बस विमानात.” मुलगी भयाने वाळून गेली आहे. स्नेही विचारतात, “हे खरे काय?”

दोन्ही पत्रांचा विषय एकच, परंतु उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. आम्ही कायदेपंडित नव्हे. परंतु आमचा एक विद्यार्थी तिकडे वकिली करतो. त्याच्याकडून व तेथील सरकारने प्रसिद्ध केलेल्या नियमांवरून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज आपल्यांपैकी पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी समुद्रापलीकडे आहे. यास्तव हा विषय परका मानून चालणार नाही.

प्रथम हमी म्हणजे काय ते पाहू. आपल्या धर्मशास्त्रात हमीस ‘प्रातिभाव्य’ व हमी राहणाऱ्यास ‘प्रतिभू’ म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: मनुष्यास हजर करण्याची हमी, त्याच्या विश्वासार्हतेची हमी, आणि ऋण फेडण्याची हमी. गमतीची गोष्ट अशी, की अविभक्त कुटुंबात भावाभावांत, पितापुत्रांत व पतिपत्नींत परस्परांचे प्रातिभाव्य होत नाही, असे तीच स्मृती सांगते. धन एकच असता कोणी कोणास हमी राहावे? अमेरिकेच्या कायद्याने मात्र पतीस पत्नीचा प्रतिभू केले आहे. आणि ही हमी पत्नीपुरती नसून सरकारला दिलेली आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

तेथे दोन कागद निरनिराळे आहेत. पहिला अर्ज, त्यास ‘आय-१३०’ म्हणतात. ‘ही माझी पत्नी आहे, हिला येथे स्थायिक होऊ द्यावे’ एवढाच त्याचा आशय. दुसरे हमीपत्र, ‘आय-८६४’. त्यात पती लिहून देतो, की सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या सव्वापट उत्पन्नाइतका पत्नीचा निर्वाह मी चालवीन. पहिला कागद विनंतीचा, दुसरा कराराचा. विनंती मान्य होऊन पत्नी तेथील कायम रहिवासी होईपर्यंत दोन्ही कागद परत घेता येतात. स्वाक्षरीचे लेखी पत्र धाडले की पुरे. पत्नीची संमती लागत नाही. अर्ज पूर्वी मंजूर झालेला असला तरी ती मंजुरी आपोआप रद्द होते. तत्पूर्वी घटस्फोट झाला, तरीही परिणाम तोच. मात्र मागे घेतलेला अर्ज पुन्हा जिवंत करता येत नाही. उद्या समेट झाला तर नवा अर्ज, नवे शुल्क व नवी प्रतीक्षा.

सबब आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. हे उत्तर धाडण्यापूर्वीच त्याच्या मातोश्री आमच्याकडे आल्या. चाळीस वर्षांचा घरोबा. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही त्याला सांगा, की नुसता अर्ज मागे घेऊ नकोस, तिने अमेरिकेसाठीच लग्न केलं असंही लिही. म्हणजे खोड मोडेल.” आम्ही विचारले, “ती दोन वर्षे तुमच्याजवळ राहिली. तुमचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले तेव्हा डोळ्यांत औषध कोणी घातले?” त्या काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, येथे सर्वांनी सावध राहावयास हवे. केवळ परदेशी प्रवेशासाठी खोटा विवाह केला, असा ठपका तेथील सरकारने पुराव्यानिशी ठेवला, तर त्या व्यक्तीसाठी पुढे कोणी नातलगाने अथवा मालकाने केलेला अर्जही मंजूर होत नाही. म्हणजे रागाच्या भरात लिहिलेले एक वाक्य दुसऱ्याचे आयुष्यभराचे दार बंद करू शकते. शिवाय सरकारला जाणूनबुजून खोटे कळविणे हा स्वतःचाही गुन्हा ठरतो. जेथे फसवणूक खरोखर झाली असेल तेथे ती अवश्य सांगावी. परंतु न पटणे ही फसवणूक नव्हे.

आता दुसरे पत्र. पत्नी एकदा कायम रहिवासी झाली, की चित्र पालटते. ग्रीन कार्ड तिच्या नावाचे असते. ते काढून घेण्याचा अधिकार पतीस नाही. तो सरकारास आहे, आणि सरकारासही त्यासाठी रीतसर मार्गाने जावे लागते. विवाहास दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी हा दर्जा मिळाला असेल, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणे तो दोन वर्षांपुरता सशर्त असतो, आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून अट काढून टाकण्याचा अर्ज करावयाचा असतो. धमकीचे मूळ या संयुक्त स्वाक्षरीत आहे. परंतु पतीने सही नाकारली म्हणजे सर्व संपले असे नाही. विवाह सद्भावनेने झाला होता व पुढे घटस्फोट झाला, असे दाखवून पत्नीस एकटीस अर्ज करता येतो. मारहाण वा आत्यंतिक छळ असेल तर घटस्फोटाचीही वाट पाहावी लागत नाही. पुरावा मात्र हवा: दोघांच्या नावाचे बँकेचे खाते, घरभाड्याचा करारनामा, एकत्र भरलेले करपत्रक, छायाचित्रे, पत्रव्यवहार. स्नेह्यांच्या कन्येचे कार्ड असेच सशर्त आहे. सबब आम्ही त्यांस प्रथम हेच कळविले, की कागद जमवा व मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

ज्या छळ सोसणाऱ्या पत्नीचा अर्ज अद्याप पतीच्याच हाती आहे, तिच्यासाठीही १९९४ च्या कायद्याने एक वाट ठेवली आहे. नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या पतीकडून छळ होत असेल, तर ती स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते व तो गुप्त ठेवला जातो. हाच हक्क छळ सोसणाऱ्या पतीलाही आहे.

आणि हमीपत्राचे काय? पत्नी कायम रहिवासी झाल्यावर ते मागे घेता येत नाही. घटस्फोटानेही ते सुटत नाही. ती तेथील नागरिक झाली, तिच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, ती तो देश सोडून कायमची निघून गेली, अथवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तरच सामान्यतः हे बंधन संपते. तोवर त्या हमीच्या बळावर ती पतीवर दावाही करू शकते. ‘कार्ड रद्द करीन’ म्हणणाऱ्या गृहस्थास हे ठाऊक नसावे.

आपल्याकडील पुष्कळ मुली यांपैकी कोणत्याच प्रकाराने जात नाहीत. पती ‘एच-१बी’ नामक नोकरीच्या परवान्यावर व पत्नी त्याच्या आश्रयाने ‘एच-४’ वर, अशी रीत आहे. तेथे पत्नीचे वास्तव्य पतीच्या परवान्यास बांधलेले असते व घटस्फोटाचा हुकूम झाला की तो आधार तुटतो. २०१५ पासून अशा काही पत्नींस नोकरीची मुभा मिळाली. पण तीही त्याच आधारावर. म्हणून अशा मुलीने हुकूम होण्यापूर्वीच स्वतःच्या शिक्षणाचा वा नोकरीचा स्वतंत्र परवाना मिळविण्याची खटपट केली पाहिजे.

इकडील घरांसही काही गोष्टी ठाऊक असाव्यात. पारपत्र ही १९६७ च्या कायद्यान्वये भारत सरकारची मालमत्ता आहे. ते सुनेच्या हातून घेऊन कपाटात कुलपात ठेवण्याचा अधिकार सासरास नाही. स्त्रीधन सर्वस्वी स्त्रीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. आणि परदेशी न्यायालयाचा घटस्फोट येथे सरसकट मानला जात नाही. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यात नसलेल्या कारणावरून, व दुसऱ्या पक्षाने स्वखुशीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नसता दिलेला हुकूम ग्राह्य नाही, असे त्याच न्यायालयाने १९९१ साली सांगितले. तसे झाल्यास मनुष्य तेथे मोकळा व येथे विवाहित, अशा त्रिशंकूच्या अवस्थेत लोंबकळतो.

विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नास आम्ही असे उत्तर लिहिले: “कायदा तुला तिची संमती मागावयास सांगत नाही. परंतु जिने तुझ्या शब्दावर नोकरी सोडली, तिला ती बातमी वकिलातीच्या कारकुनाकडून कळावी, हे तुला शोभत नाही. अर्ज हा तुझा आहे, मागे घे. पण तिला सांगून घे, कारण न रंगविता घे, आणि भांडणात वरचढ होण्याचे साधन म्हणून घेऊ नकोस. समेटाची थोडीही आशा असेल तर अगोदर तिची परीक्षा पाहा. कारण हे पत्र परत घेता येत नाही.”

तो श्रावणात रजा काढून आला. दोन्ही घरची मंडळी एकदा बसली. समेट झाला नाही. दागिन्यांची यादी वाचून ते मुलीच्या स्वाधीन करण्यात आले, आणि संमतीने घटस्फोटाचा अर्ज येथेच करावयाचे ठरले. मग त्याने अमेरिकेस दोन ओळींचे पत्र धाडले: मी केलेला अर्ज मागे घेत आहे. मुलीस दिवाळीनंतर एका शाळेत जागा मिळाली. वाईच्या स्नेह्यांची कन्या कागद जमवीत आहे. तिची मुदत अद्याप सात महिने दूर आहे आणि हल्ली ती फोनवर रडत नाही, असे ते कळवितात.

विद्यार्थ्याच्या मातोश्री मात्र आमच्याशी अद्याप बोलत नाहीत. त्यांच्या धाकट्याचे लग्न ठरले आहे, वधू पुण्याचीच. पत्रिका तपासावयास आमच्याकडे येईल की नाही, कोण जाणे. आली तर शुद्धलेखनाबरोबर आम्ही एवढेच विचारू, की मुलीस परदेशी न्यावयाचे असल्यास कोणत्या परवान्यावर, अर्ज कोणाच्या हातात, आणि तिचे कागद कोणाजवळ राहणार?