ऑनिंगचे माप कसे घ्यावे?

ब्रिटन-जर्मनीत कॅराव्हॅनला (मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर) पूर्ण लांबीचे ऑनिंग (बाजूला जोडायचा तंबू) घेताना अनेकजण गाडीची लांबी सांगतात. लागते ते ‘ए-माप’: पुढच्या टोकाला जमिनीपासून वर, तंबू अडकवायच्या खाचेवरून छताच्या कडेने, मागे पुन्हा जमिनीपर्यंतचे अंतर. दाराच्या चौकटीला खालपर्यंत फुलांची माळ सोडताना दोन्ही उभ्या बाजूही मोजतो, तसेच हे. मोजण्याआधी कॅराव्हॅन सपाट जागी समतल करावी.

उभारताना कापडाची दोरी शिवलेली कड खाचेतून अलगद सरकवावी, हिसके देऊ नयेत. मग खांब लावून, दारांच्या चेन बंद ठेवूनच कोपऱ्यांच्या खुंट्या आधी ठोकाव्यात. नाहीतर कापड तिरके ताणले जाते आणि पुढे चेन लागत नाही.