सर्र्याचा विसर

यंदा तान्ह्या पोळ्याला सिंदी रेल्वेत लाकडी बैल पाहायला केवढी ती गर्दी! हे बैल वर्षागणिक उंचच होत चाललेत. त्यांना कुटार लागत नाही आणि पाऊस सरताना गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा रोगही होत नाही. खरे बैल ट्रॅक्टरने संपवले. जे उरलेत त्यांच्या रक्ताचा थेंब तपासायचा म्हटलं, तर आमच्याकडच्या दवाखान्यात काच मिळत नाही. सूक्ष्मदर्शक कपाटात आहे म्हणतात. किल्ली कुणाकडे, ते कुणी सांगत नाही. विदर्भातल्या सर्र्याने जगभरच्या डॉक्टरांना चकित केलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. कुणाला आठवण आली नाही, म्हणून आपणच काढतो.

मागचं झटपट सांगतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला डेरा इस्माईल खानला घोड्या-उंटांच्या रक्तात सर्र्याचा एकपेशीय जंतू सापडला. पुढे १९६९ मध्ये कीथ व्हिकरमन यांनी त्याच्या आफ्रिकी भाऊबंदांच्या अंगावरचं दाट आवरण दाखवलं, आणि १९७५ मध्ये जॉर्ज क्रॉस यांनी त्या आवरणाचं ग्लायकोप्रोटीन वेगळं काढलं. मधली वर्षं वगळली तरी चालतील.

माझं दशक १९९५ ते २००५. हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या गावांत मी ढोरांचा डॉक्टर म्हणून फिरायचो. पोळा झाला, गोमाश्या वाढल्या की गडी बैल घेऊन यायचा: ताप चढतो-उतरतो, डोळ्यांतून पाणी, कधी गरागरा फिरतो. कानाच्या शिरेतला थेंब काचेवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि डोळा लावायचा. लाल पेशी स्वस्थ पडलेल्या असायच्या. मग एखादी उगाच हलायची, बाजूची ढकलली जायची आणि त्यांच्यातून वळवळत सर्र्याचा जंतू बाहेर पडायचा. आठवड्याने तोच बैल चारा खाताना दिसायचा, काचही साफ. मालक खूश: "बरा झाला ना जी, डॉक्टर?" पुढच्या आठवड्यात ताप परत.

कारण त्या आवरणातच आहे. जंतूच्या अंगभर एकाच ग्लायकोप्रोटीनचे जवळपास एक कोटी रेणू खेटून बसलेले असतात. बैलाचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, बहुतेक जंतू मरतात, ताप उतरतो. पण काहींनी तोवर बहुरूप्यासारखं दुसरंच सोंग घेतलेलं असतं. त्यांना ही प्रतिपिंडं ओळखतच नाहीत. आफ्रिकी भाऊबंदांकडे अशा सोंगांचे जनुक हजारावर आहेत, त्यातले बरेच मोडके, पण तेही जोडून-तोडून वापरतात. म्हणूनच लस नाही. आणि म्हणूनच एका साफ काचेवर विसंबून "सर्रा नाही" असा शेरा मारणाऱ्या तेव्हाच्या एका साहेबांचा राग मला अजून येतो. तीन काचा मागितल्या की म्हणायचे, "बैलाचे एवढे लाड कशाला?"

मग २००४-०५ आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने ताप येत होता, आणि त्याच्या रक्तात हाच सर्र्याचा जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, सापडला. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ते प्रसिद्ध केलं: माणसात या जंतूची खात्री पटलेला जगातला पहिला रुग्ण. सुरामिन देऊन तो बरा झाला. ब्रसेल्सच्या संशोधकांनी पुढच्या वर्षी कारण शोधलं. माणसाच्या रक्तात 'एपीओएल-१' नावाचं प्रथिन असतं, ते या जंतूला मारतं. या शेतकऱ्याला आई-बापाकडून आलेल्या दोन्ही जनुकांत बिघाड होता.

त्याच्या गावातल्या १,८०६ जणांची तपासणी झाली, तीही या जंतूच्या 'रोटॅट १.२' या एका आवरण-प्रकारावर बेतलेल्या कार्डाने. थेंब मिसळायचा, निळे कण गोळा झाले तर प्रतिपिंडं आहेत. ४१० जणांत ती दिसली. रक्तद्रवाच्या तपासणीत ८१ उरले. त्यातल्या जोरदार प्रतिपिंडं असलेल्या ६० जणांच्या रक्तात जंतू मात्र एकही नाही. म्हणजे गोमाश्या माणसांनाही हा जंतू टोचत होत्या आणि माणसं तो पचवत होती. इकडे चहाच्या टपरीवर मात्र एकच प्रश्न: "दूध प्यावं का नाही?" कार्डाबद्दल कुणी विचारलं नाही.

हत्तीरोगाचं बघा. आमच्या सेवाग्रामात डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी त्या कृमीच्या प्रतिजनांवर कित्येक वर्षं घालवली, आणि रात्री घरोघरी जाऊन रक्त घेणारी माणसंही लोकांनी पाहिली. सर्र्याच्या वाट्याला असा ध्यास आला नाही. २०२२ ला लंपी आला तेव्हा सगळी यंत्रणा धावली, धावायलाच हवी होती. पण लंपीच्या गाठी दुरून दिसतात. सर्रा दिसायला काच लागते.

बाकी मागणं तेच जुनं: बाजारातून आणलेल्या जनावराच्या तीन काचा, तीन-चार दिवसांच्या अंतराने. तेव्हा ते मंजूर होत नसे. आता अर्ज नेमका कुणाकडे करायचा, इथूनच सुरुवात आहे.