वारा घडवणारी मोटर

टोकियोच्या पूर्वेला एदो नदी ओलांडली की इचिकावा लागते. ओसाकाहून इथे राहायला आलेल्या एखाद्या कुटुंबाने आपला जुना टेबलफॅन सोबत आणला, तर तो इथे थोडा मंद फिरेल. पंख्यात बिघाड काहीच नसतो. ओसाकाची वीज ६० हर्ट्झची, इचिकावाची ५० हर्ट्झची आणि साध्या एसी मोटरचा वेग या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोच्या वीज कंपनीने जनित्रे आणली जर्मनीतून, ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेतून. तेव्हा पडलेली फाळणी आजही साधारण फुजी नदीच्या रेषेवर कायम आहे.

जपानच्या पहिल्या विजेच्या पंख्याला मात्र ही अडचण नव्हती. तो डीसी विजेवर चालायचा. १८९४ साली तो बनवला टोकियोच्या शिबाउरा सेइसाकुशो या कारखान्याने. त्याच्या माथ्यावर विजेचा दिवा होता. पंखा सुरू केला की दिवाही लागायचा.

या कारखान्याचे मूळ तानाका हिसाशिगे या अफाट कारागिरापाशी पोहोचते. १७९९ साली कुरुमे गावात जन्मलेल्या तानाकांनी तरुणपणी बाण मारणारी यांत्रिक बाहुली घडवली, १८५१ मध्ये एकदा चावी दिल्यावर दीर्घकाळ चालणारे गुंतागुंतीचे घड्याळ पूर्ण केले आणि १८७५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, टोकियोच्या गिंझा भागात तारयंत्रे बनवण्याची कार्यशाळा थाटली. १८८१ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या दत्तक मुलाने शिबाउरा येथे मोठा कारखाना उभारला. तो पुढे मित्सुई घराण्याकडे गेला, १८९३ मध्ये त्याला नवे नाव मिळाले आणि वर्षभरात पंखा तयार झाला.

१९१६ पासून शिबाउराचे पंखे मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. काळे जड अंग, चार पाती, पुढे जाळी आणि दोन्ही बाजूंना डोलणारी मान, हे रूप जपानी घरांत अनेक वर्षे टिकले. १९३९ मध्ये शिबाउरा आणि बल्ब बनवणारी टोकियो डेन्की या कंपन्या एकत्र आल्या. तीच आजची तोशिबा. युद्धानंतर प्लास्टिक आले, पाती रंगीत झाली, पंखे हलके आणि स्वस्त झाले. तातामीवर बसणाऱ्या माणसाच्या उंचीचे, खाली-वर करता येणारे पंखेही निघाले.

एसी घरोघरी पोहोचल्यावर पंख्याचा मान उतरला. तरी जुने पंखे टाकून कोण देणार? उन्हाळ्यात बाहेर काढायचे, थंडीत गुंडाळून ठेवायचे. या काटकसरीतला धोका २००७ च्या ऑगस्टमध्ये उघड झाला. टोकियोच्या आदाची भागात १९७० साली बनलेल्या पंख्याने पेट घेतला आणि घरातल्या वृद्ध पती-पत्नीचा जीव गेला. कारण सापडले कपॅसिटरमध्ये. मोटरला फिरते ठेवण्यास मदत करणाऱ्या या छोट्या भागाचे इन्सुलेशन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने खराब होते आणि आत शॉर्टसर्किट होऊ शकते. एप्रिल २००९ पासून जपानमध्ये पंख्यावर उत्पादनाचे वर्ष, सुरक्षित वापराचा अपेक्षित काळ आणि त्यानंतरच्या धोक्याची सूचना छापणे सक्तीचे झाले. धुण्याचे यंत्र, एसी, एक्झॉस्ट फॅन आणि जुन्या पद्धतीचे टीव्हीही या नियमात आले.

पंख्यात आता नवे काही उरले नाही, असे वाटत असतानाच २०१० मध्ये बालमुडा या छोट्या कंपनीने ‘ग्रीनफॅन’ आणला. संस्थापक टेराओ गेन हे पूर्वी संगीतकार. मंदीच्या तडाख्याने त्यांची कंपनी बुडण्याच्या बेतात होती. एका वर्कशॉपमधले कारागीर पंखा भिंतीकडे तोंड करून लावतात, हे त्यांनी पाहिले होते. भिंतीवर आपटल्यावर वाऱ्यातले भोवरे मोडतात आणि परत येणारी झुळूक मऊ लागते. टेराओंनी हेच काम पात्यांकडून करून घेतले. आतल्या पात्यांचा वारा संथ, बाहेरच्यांचा वेगवान. दोन्ही एकमेकांत मिसळले की झोत फुटतो आणि पसरतो. आत ब्रशविरहित डीसी मोटर बसवली. तिचा वेग पंख्यातले इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवते, त्यामुळे ५० आणि ६० हर्ट्झचा भेद तिला जाणवत नाही. किंमत तीस हजार येनच्या वर होती. मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकियोच्या परिसरात ठरवून वीज तोडावी लागली, आणि कमी वीज खाणाऱ्या पंख्याची गरज सगळ्यांनाच पटली.

त्याच सुमारास आपल्याकडेही हीच मोटर पंख्यात शिरली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनोज मीणा आणि शिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये अ‍ॅटमबर्ग सुरू केली. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने सुमारे ७५ वॅट घेतो, त्यांच्या पंख्याने हा आकडा २८ वॅटवर आणला. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस पंखा फिरतो असे धरले, तर एका खोलीमागे वर्षाला जवळपास १७० युनिट वीज वाचते. जानेवारी २०२३ पासून भारतात छताच्या पंख्यांवर स्टार लेबल बंधनकारक झाले आहे. पंखा घेताना आता गिऱ्हाईक रंगासोबत वॅटही वाचू शकते.