रिमोटच्या पडद्यावरचे चित्र : लहान, पण ठसठशीत

मुरुडच्या लॉज-बंगल्यांत वायरिंग करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांकडे स्पर्शाने चालणाऱ्या रिमोटचे काम आले, तर बटणांची चित्रेही त्यांनाच बसवावी लागतात. चित्र पुसट असले की गिऱ्हाईक भलतेच बटण दाबते आणि दोष कारागिराच्या माथी येतो. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. फिलिप्सच्या १९९८ च्या सुमाराच्या ‘प्रॉन्टो’ रिमोटवर ३२० गुणिले २४० ठिपके होते. रंग नव्हते, फक्त पांढरा, काळा आणि करड्याच्या दोन छटा. ती मालिका बंद झाली, ठिपके दाट झाले. नियम मात्र तोच राहिला.

जंजिऱ्याचा फोटो ४० ठिपक्यांत दाबला, तर तट, बुरूज, पाणी मिळून नुसता डाग उरतो. त्यापेक्षा त्याच मापात नव्याने काढावे : तटाची आडवी रेघ, दोन गोल बुरूज, खाली पाणी. रेघ पूर्ण ठिपक्यावर बसवावी; अर्ध्यावर आली की करडी दिसते. फाईल पीएनजी किंवा बीएमपी ठेवावी. जेपीजीत कडा मळतात.

मराठी अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार लागतो. तेवढी जागा सोडावी. बोटासाठी बटण सुमारे ९ मिलिमीटर हवे.

शेवटी चित्र संगणकावर मोठे करून नव्हे, रिमोटवरच हातभर अंतरावरून तपासावे. आणि या मेहनतीचा दर वायरिंगहून वेगळा, आधीच ठरवावा, असे आम्ही सुचवतो.