मुलीच्या वाटेची भीती आकड्यात कशी पकडतात?

बारावीला मुलीला चांगले टक्के पडतात, पण घरात चर्चा कॉलेजपेक्षा रस्त्याचीच जास्त होते. एसटी किती वाजता? फाट्यापासून चालावं लागेल का? यायला अंधार पडेल का? शेवटी 'जवळचंच बरं' म्हणून अर्ज भरला जातो. छेडछाडीच्या या भीतीची किंमत एका अभ्यासाने चक्क रुपयांत काढली आहे.

हा अभ्यास अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांचा. त्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या सुमारे ४ हजार विद्यार्थ्यांची माहिती घेतली. 'तुला भीती वाटते का?' असं सरळ विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही. कोणी लाजून गप्प बसतं, कोणाला त्याची सवयच झालेली असते. म्हणून इथे बोलण्यापेक्षा निवड पाहिली. मार्कांवर कोणकोणत्या कॉलेजात प्रवेश मिळत होता आणि त्यातलं कोणतं घेतलं? घरापासून त्या कॉलेजांपर्यंतचे रस्ते गुगल मॅप्सवरून काढले. कोणता रस्ता किती सुरक्षित वाटतो, हे लोकांनी मोबाईल ॲपवर दिलेल्या माहितीवरून ठरवलं.

मग मुलं आणि मुली यांची तुलना केली. लांबचा प्रवास आणि जादा खर्च तर मुलांनाही नकोच असतो. त्यामुळे मुलांच्या मानाने मुली सुरक्षित रस्त्यासाठी किती जास्त सोडतात, ते मोजलं.

उत्तर धक्का देणारं आहे. रस्ता ठराविक मापाने जास्त सुरक्षित मिळत असेल, तर वरच्या २० टक्क्यांतलं कॉलेज सोडून यादीच्या खालच्या अर्ध्या भागातलं कॉलेज घ्यायला मुली तयार होत्या. खर्चही मुलांपेक्षा वर्षाला १८,८०० रुपये जास्त, म्हणजे कॉलेजच्या सरासरी फीच्या दुप्पट!

आता पोलिसांकडचे आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले आणि ९६ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता. मग रस्त्याची भीती खोटी का? तसं नाही. बसमधल्या धक्क्याची, मागे लागणाऱ्या गाडीची तक्रार करायला ठाण्यात किती जणी जातात? पण नुसता रस्ता सांभाळून घरच्या, ओळखीच्या माणसाकडे दुर्लक्ष केलं तर तेही चुकतं.

शिवाय नोंद म्हणजे घडलेलं सगळं नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. सर्वेक्षणात तरी कशा बोलल्या? तिथे हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकटीला गाठून विचारतात. सासू किंवा नवरा आत आला की प्रश्न थांबवतात. घरात तीन बायका असल्या तरी विचारणार एकीलाच, म्हणून हिशोबात तिच्या उत्तराला वजन जास्त देतात.

(मदतीसाठी : महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, मुलांसाठी १०९८)