नमाज ‘पठण’ की नमाज ‘अदा’? आपल्या इबादतीचे शब्द मराठीत लिहिताना

ईदनंतर निघालेलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. ईदगाहच्या फोटोखाली ओळ ठरलेली असते: ‘मुस्लिम बांधवांचे सामूहिक नमाज पठण’. आपल्यातले बरेच जण या ‘पठण’वर नाराज होतात. नमाज म्हणजे काय फक्त तोंडाने म्हणायचं आहे का? त्यात कयाम आहे, रुकू आहे, सजदा आहे. म्हणणं बरोबर आहे, पण राग जरा जास्तच. कारण घरात आपण स्वतः ‘नमाज पढना’च म्हणतो, आणि हा ‘पढना’ संस्कृतच्या ‘पठ्’ धातूतूनच आला आहे. पत्रकाराने आपलंच बोलणं शुद्ध मराठीत लिहिलं, एवढंच.

तरीही आम्ही वर्गातल्या मुलांना ‘नमाज अदा केली’ असं लिहायला सांगतो. अदा करणे म्हणजे देणं चुकतं करणे. नमाज फर्ज आहे, ते बंद्यावरचं देणं आहे, आणि वेळेत झाली तर अदा, वेळ टळून गेली तर कजा. हा सगळा अर्थ त्या एका शब्दात येतो. ‘सामूहिक प्रार्थना’ मात्र टाळावं. प्रार्थना म्हणजे मागणं; त्यासाठी आपल्याकडे दुआ हा वेगळा शब्द आहे. नमाजीत दुआ असते, पण नुसती दुआ म्हणजे नमाज नव्हे.

हल्ली काही तरुण मुलं घरच्यांना टोकतात की नमाज, रोजा हे शब्द अरबी नाहीत, सलात आणि सौम म्हणा. अरबी नाहीत हे खरं. दोन्ही फारसी आहेत. रोजा हा ‘रोज’ म्हणजे दिवस या शब्दावरून आला. नमाजचा मूळ अर्थ वाकून आदर करणे, आणि भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृत ‘नमस्’शी लावतात. म्हणजे आपल्या रोजच्या ‘नमस्कार’चा तो दूरचा चुलतभाऊ. पण म्हणून दादीची नमाज काही कमी होत नाही! मुलांना दोन्ही शब्द माहीत असावेत, कारण कुरआनमध्ये त्यांना सलातच भेटणार आहे. अजानमध्ये ‘हय्या अलस्सलाह’ ते दिवसातून पाच वेळा ऐकतातच, फक्त तो शब्द ओळखत नाहीत. गावाकडे अजानला ‘बांग’ म्हणतात. तेही काहींना टोचतं, कोंबड्याची बांग आठवते. पण बांग म्हणजे फारसीत मोठ्याने दिलेली हाक. शब्दात अपमान नाही. बोलणाऱ्याच्या सुरात असला तर ती वेगळी गोष्ट.

शब्दांची खरी अडचण होते ती घरात मय्यत झाल्यावर. माणसं रडत असतात, आणि कुणीतरी वर्तमानपत्राला निधनवार्ता कळवत असतो. तिथला मजकुराचा साचा तयार असतो: नावाआधी ‘कै.’, खाली ‘अंत्यसंस्कार’, आणि शेवटी कधी कधी ‘रक्षाविसर्जन’. गडबडीत कुणी वाचत नाही आणि तसंच छापून येतं. दफन केलेल्या माणसाच्या नावाखाली रक्षाविसर्जन! मग नातेवाईकांना वाईट वाटतं, आणि ते साहजिक आहे.

तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. आपल्याकडे मरहूम, बाईंसाठी मरहूमा. अर्थ, ज्यांच्यावर रहमत झाली. ‘अंत्यसंस्कार’ऐवजी ‘दफनविधी’ लिहावं, मराठी वाचकाला ते लगेच कळतं. त्याआधीची नमाज-ए-जनाजा कधी आणि कुठे, हे मात्र स्वतंत्र लिहा, कारण बरेच लोक त्यासाठीच धावत येतात. ही नमाज उभ्यानेच होते, चार तकबीर, रुकू नाही, सजदा नाही, तिच्यासाठी अजानही नाही. ती फर्ज-ए-किफाया आहे: काहींनी अदा केली की सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच केली नाही तर सगळे गुन्हेगार. ‘अंतिम प्रार्थना’ या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही. तिसऱ्या दिवसाच्या जियारतीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो वाद इथे नको. पण ज्यांच्या घरी करतात त्यांनी जियारतच लिहावं, ‘तिसरा’ नको.

आणि एक सांगायचं राहिलं. शेजारचे काका येऊन ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हणाले तर तिथे शब्दार्थ शिकवत बसू नये. त्यांचं दुःख खरं असतं. शिवाय शब्दांचा प्रवास दोन्ही बाजूंनी झालाय. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठी प्रत्येकाच्याच बाबतीत ‘मयत खातेदार’ लिहितो, आणि हा ‘मयत’ आपल्या अरबी ‘मय्यत’चाच भाऊ आहे.

मोहरमचं थोडक्यात. शाळेच्या फलकावर किंवा मोबाइलवर ‘मोहरम सणाच्या शुभेच्छा’ दिसतात. १० मोहरम हा करबलाच्या शहादतीचा दिवस, सन ६१ हिजरी. तिथे ‘शुभेच्छा’ बसत नाही, एवढं शिक्षकांच्या खोलीत शांतपणे सांगितलं तरी लोक ऐकतात. आमचा अनुभव चांगला आहे.

निकाहच्या मराठी पत्रिकेत ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या छापतात. चिरंजीव म्हणजे दीर्घायुषी हो, सौभाग्यकांक्षिणी म्हणजे जिला सौभाग्य लाभावं अशी. दोन्ही सदिच्छाच आहेत, ठेवायचे तर ठेवा. ‘शुभमुहूर्त’ मात्र काढा. निकाहला लागतात इजाब-कबूल, गवाह आणि मेहर. आपल्या कोकणी शाफई घरांत मुलीचा वलीही. मुहूर्त लागत नाही. त्याजागी ‘निकाह बाद नमाज-ए-जोहर’ असं लिहितात, पण मग वर्गशिक्षिका आणि गावचे पाटील विचारत बसतात की हे नेमकं किती वाजता. म्हणून पुढे ‘दुपारी २ वाजता’ हेही छापा.